जेले, तेलसाठ्यातील प्रवाह-नियंत्रक

खनिज तेलाच्या साठ्यातील खडकात पाणी ज्या सुलभ वाटांनी वाहून जाते त्या वाटा अडविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, पाणी शोषून फुगणाऱ्या अथवा खडकातच घट्ट होणाऱ्या बहुवारिक (लहान रेणूंची असंख्य एकके जोडली जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या) पदार्थांना प्रवाह-नियंत्रक जेले म्हणतात. ही जेले तेलाला पुढे ढकलीत नाहीत किंवा खडकाच्या पृष्ठभागापासून ते सोडवूनही घेत नाहीत. साठ्यात सोडलेले पाणी तेल संपलेल्या भागातून वाया जाऊ न देता तेल शिल्लक असलेल्या भागाकडे वळविणे एवढेच त्यांचे कार्य असते. त्यामुळे या तंत्राचे यश जेलाच्या गुणधर्मांवर जितके अवलंबून असते, तितकेच किंबहुना त्याहून अधिक ते जेल नेमके कोठे जाऊन बसते यावर अवलंबून असते. योग्य जागी बसलेले जेल जुन्या विहिरीचे आयुष्य वाढविते, तर चुकीच्या जागी बसलेले जेल तेलाचीच वाट बंद करते. [⟶ खनिज तेल, बहुवारिके].

प्रश्नाचे स्वरूप : खनिज तेल भूगर्भात तळ्यासारखे साचलेले नसते. वालुकाश्म, चुनखडक यांसारख्या सच्छिद्र खडकांतील सूक्ष्म छिद्रांत ते भरलेले असते. विहीर खोदल्यावर प्रारंभी साठ्यातील नैसर्गिक दाबामुळे तेल वर येते. हा दाब ओसरू लागला म्हणजे काही विहिरींतून साठ्यात पाणी सोडतात. या विहिरींना अंतःक्षेपण विहिरी म्हणतात. त्यांतील पाणी तेलाला उत्पादन विहिरींकडे रेटीत नेते. एवढे करूनही जगातील तेलसाठ्यांतून सरासरीने मूळ तेलाच्या सुमारे एक-तृतीयांशच तेल काढता येते. उरलेले तेल खडकातच राहते.

तेल मागे राहण्याचे एक प्रमुख कारण खडकाचा असमानपणा हे होय. द्रवाला आपल्यातून वाहू देण्याच्या खडकाच्या क्षमतेला पार्यता म्हणतात. सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाचा नियम फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला व त्यांच्या नावावरून पार्यतेच्या एककास दार्सी हे नाव पडले. या नियमानुसार दाबातील फरक, थराची जाडी व द्रवाची श्यानता (दाटपणा) समान असल्यास प्रवाह पार्यतेच्या समप्रमाणात असतो. समजा, एकावर एक असलेल्या सारख्याच जाडीच्या दोन थरांपैकी एकाची पार्यता १,००० मिलिदार्सी व दुसऱ्याची ५० मिलिदार्सी आहे. विहिरीतून सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ९५ टक्के पाणी पहिल्या थरात व केवळ ५ टक्के दुसऱ्या थरात जाईल. पहिल्या थरातील तेल लवकर निघून जाईल आणि त्यानंतर तोच थर पाण्याचा जणू पाट बनेल. दुसऱ्या थरातील बहुतेक तेल मात्र जागच्या जागी राहील.

खडकात भेगा असल्यास हा भेद आणखी तीव्र होतो. सपाट भेगेतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ०.१ मिमी. रुंदीच्या भेगेपेक्षा १ मिमी. रुंदीच्या भेगेतून हजारपट पाणी वाहते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बेसाल्ट खडकात विहीर खोदणाऱ्यांस या गोष्टीचा चांगला परिचय असतो. तेथे बहुतेक सगळा खडक कोरडा लागतो आणि विहिरीचे पाणी एखाद्या सांध्यातून वा मुरमाच्या पट्ट्यातून येते. पाण्याच्या विहिरीत असा झरा लागणे हे भाग्याचे असते, तर जुन्या तेलविहिरीत तोच अडचणीचे कारण ठरतो.

जागतिक सरासरीने तेलाच्या प्रत्येक पिंपामागे सुमारे तीन पिंपे पाणी वर येते, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. हे पाणी उपसणे, तेलापासून वेगळे करणे, शुद्ध करणे व पुन्हा जमिनीत सोडणे यांसाठी मोठा खर्च येतो. पाण्याचे प्रमाण वाढत जाऊन शेवटी विहीर चालविणे परवडेनासे होते व ती बंद करावी लागते. पुष्कळदा अशा वेळी आसपासच्या कमी पार्यतेच्या थरांत तेल शिल्लक असते.

जेलाची संरचना व फुगण्याची क्रिया : या कामी मुख्यतः पॉलिॲक्रिलअमाइड या बहुवारिकाचा व त्याच्या अंशतः जलविच्छेदन केलेल्या रूपाचा उपयोग करतात. त्याचा रेणुभार कित्येक दशलक्ष असतो. त्याच्या लांब साखळ्या पाण्यात विरघळून दाट विद्राव तयार होतो. या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी आडव्या बंधांनी जोडल्या म्हणजे जाळे निर्माण होते. असे जाळे पाण्यात विरघळू शकत नाही. मात्र ते पाणी आत घेऊन फुगते. पाणी धरून ठेवणारे हे जाळे म्हणजेच जेल होय.

जाळ्यातील साखळ्यांवर ऋण विद्युत् भार असलेले कार्‌बॉक्सिलेट गट असतात व त्यांचा भार फेडणारे सोडियमासारखे धन आयन (विद्युत् भारित कण) जाळ्यातच अडकून राहतात. त्यामुळे जाळ्याच्या आत आयनांची संहती (प्रमाण) बाहेरील पाण्यापेक्षा अधिक असते आणि तर्षणाने बाहेरचे पाणी आत शिरते. भारित गटांतील परस्पर प्रतिसारणाने साखळ्या ताणल्या जातात. उलटपक्षी आडवे बंध जाळ्याला आवरून धरतात. या दोन प्रवृत्तींचा समतोल होईल तेथे फुगणे थांबते. या समतोलाचा सिद्धांत पॉल फ्लोरी व जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये मांडला. फ्लोरी यांना बहुवारिकांवरील कार्याबद्दल १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाह्य परिस्थितीतील अल्पशा बदलानेही जेलाचे आकारमान एकदम शेकडो पटींनी बदलू शकते, असे तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखविले. फुगण्यास लागणारा काळ कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून १ मिमी. व्यासाच्या कणापेक्षा ०.१ मिमी. व्यासाचा कण सुमारे शंभरपट लवकर फुगतो. खडकात किती खोलवर जाईपर्यंत कण लहान राहावा हे ठरविताना हा नियम उपयोगी पडतो.

आडवे बंध विरळ असल्यास जेल पुष्कळ फुगते, परंतु मऊ व दुबळे राहते. ते दाट असल्यास फुगणे कमी होते व बळकटी वाढते. बाहेरील पाण्यातील क्षार हा तिसरा निर्णायक घटक होय. शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या कित्येक शेपट पाणी शोषणारे जेल समुद्राच्या पाण्यात दहा-वीस पटींच्या घरातच फुगते. कारण खाऱ्या पाण्यात आतील व बाहेरील आयन-संहतींतील फरक कमी होतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे द्विसंयुजी आयन तर दोन साखळ्यांना एकत्र बांधून जाळे आक्रसून टाकतात.

कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत हाच नियम बहुवारिकाऐवजी मृत्तिकेच्या बाबतीत पाहावयास मिळतो. या जमिनीतील माँटमोरिलोनाइट गटाच्या खनिजांचे पापुद्रे ऋण भारित असतात व त्यांच्यामध्ये पाणी शिरून ती फुगतात. पापुद्र्यांमध्ये कॅल्शियम आयन असल्यास दोन पापुद्र्यांतील पुनरावृत्तीचे अंतर सुमारे २ नॅनोमीटरांपलीकडे जात नाही. सोडियमाचे प्रमाण वाढल्यास मात्र पापुद्रे दूर दूर सरकतात, माती विस्कटते, छिद्रे बुजतात आणि पाणी झिरपेनासे होते. सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांतील बागायती पट्ट्यात क्षारपड व चोपण जमिनींचा प्रश्न उद्‌भवला आहे. त्यांपैकी चोपण जमिनींच्या मुळाशी ही क्रिया आहे. तिच्यावर जिप्सम घालण्याचा उपाय करतात, कारण जिप्समातील कॅल्शियम सोडियमाला हटवून फुगणे कमी करतो. मात्र सुटलेला सोडियम वाहून नेण्यासाठी निचऱ्याची सोयही लागते. शेतकऱ्याला नकोसे असलेले हे छिद्रे बुजणे तेल अभियंता जेलाच्या साहाय्याने मुद्दाम व ठराविक जागी घडवून आणतो. साठ्याच्या खडकातही फुगणारी मृत्तिका असू शकते; तिच्यात गोडे पाणी सोडल्यास अनपेक्षितपणे पार्यता घटते. म्हणून अंतःक्षेपणाच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण आधी करणे अत्यावश्यक असते.

इतिहास : जमिनीतील पाणी रसायनांनी अडविण्याची कल्पना तेलउद्योगाबाहेर आधी रूढ झाली. बोगदे, धरणांचे पाये व भुयारी नळ यांतील गळती थांबविण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात ॲक्रिलअमाइडाचा पातळ विद्राव भेगांत दाबून तेथेच त्याचे जेल करण्याची पद्धत अमेरिकेत प्रचारात आली. ॲक्रिलअमाइड हे एकवारिक मज्जासंस्थेस विषारी असल्याने पुढे या पद्धतीचा वापर मर्यादित झाला. तयार बहुवारिकात हा धोका पुष्कळच कमी असतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत स्टार्चापासून अतिशोषक पदार्थ तयार करण्याचे संशोधन झाले व त्यातून पाणी शोषून फुगणाऱ्या बहुवारिकांचा नवा वर्ग पुढे आला.

तेलक्षेत्रांत १९७० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियम सिट्रेटाच्या साहाय्याने पॉलिॲक्रिलअमाइडाची जेले करण्याचे प्रयोग झाले. १९८० नंतरच्या दशकात मॅरेथॉन ऑइल कंपनीत रॉबर्ट सिडान्स्क यांनी त्रिसंयुजी क्रोमियमाच्या ॲसिटेटावर आधारलेली पद्धत विकसित केली व ती मोठ्या प्रमाणात वापरली गेली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये, कारखान्यातच तयार करून वाळविलेले जेलाचे कण पाण्याबरोबर साठ्यात सोडण्याची पद्धत पुढे आली. दीर्घकाळ पाणी सोडल्यामुळे चीनमधील जुन्या क्षेत्रांत पाण्याच्या मोठ्या वाटा निर्माण झाल्या होत्या व त्या बुजविण्याची निकड होती. याच सुमारास काही पाश्चात्त्य तेल व रसायन कंपन्यांनी मिळून उष्णतेने उमलणारे सूक्ष्मकण तयार केले. त्यांची क्षेत्रीय चाचणी इंडोनेशियातील मिनास येथे २००१ मध्ये घेण्यात आली.

प्रकार : (१) साठ्यात घट्ट होणारी जेले : बहुवारिकाचा ०.३ ते १ टक्का विद्राव व आडवे बंध निर्माण करणारे द्रव्य एकत्र करून विहिरीत सोडतात. प्रारंभी मिश्रण प्रवाही असते. काही तासांनी वा दिवसांनी ते खडकात घट्ट होते. हे मिश्रण बारीक छिद्रांतही शिरते, हा त्याचा गुण आहे आणि दोषही. वाटेत ते पातळ झाल्यास किंवा बंधकारक द्रव्य खडकावर चिकटून राहिल्यास जेल बनतच नाही. कमी तापमानास क्रोमियम ॲसिटेट, तर अधिक तापमानास फिनॉल-फॉर्माल्डिहाइड किंवा पॉलिएथिलीन इमाइन यांसारखी कार्बनी द्रव्ये वापरतात.

(२) पूर्वनिर्मित कण : येथे जेल बनण्याची क्रिया कारखान्यातच पूर्ण झालेली असते. वाळवून दळलेले कण काही मायक्रोमीटरांपासून काही मिलिमीटरांपर्यंत विविध आकारांचे असतात. सामान्यतः दर घन मीटर पाण्यात १ ते ५ किग्रॅ. कोरडे कण मिसळतात. फुगलेला कण मऊ असल्याने आपल्यापेक्षा अरुंद वाटेतूनही दबून, आकार बदलून पुढे सरकू शकतो आणि दाब कमी पडेल तेथे अडकून बसतो. भेगा व मोठ्या वाटा यांत हे कण शिरतात, परंतु खडकाच्या बारीक छिद्रांत शिरू शकत नाहीत. त्यामुळे तेलाचे थर बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात.

(३) उष्णतेने उमलणारे सूक्ष्मकण : हे एक मायक्रोमीटरहून लहान असून त्यांत टिकाऊ व तुटणारे असे दोन प्रकारचे आडवे बंध असतात. गार पाण्याबरोबर ते साठ्यात खोलवर जातात. तेथे खडकाच्या उष्णतेने तुटणारे बंध सुटतात, कण फुगतात व छिद्रांची तोंडे अडवितात. विहिरीपासून दूर अंतरावर अडथळा निर्माण करणे यामुळे शक्य होते.

यांखेरीज विहिरीच्या नळाभोवती बसविण्याची, पाण्यात किंवा तेलात फुगणारी रबरी वेष्टनेही वापरात आहेत. त्यांचे कार्य मात्र विहिरीच्या आतच मर्यादित असते.

उपचाराची पद्धती : उपचारापूर्वी पाणी कोठून येते याचे निदान करावे लागते. नळाला पडलेले छिद्र, नळाबाहेरील सिमेंटातील फट, भेग, अधिक पार्यतेचा थर व तळच्या पाण्याचा शंकूसारखा वर येणारा फुगवटा अशी पाण्याची निरनिराळी कारणे असू शकतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. नळातील छिद्रावर सिमेंट किंवा यांत्रिक उपाय पुरतो. भेग व असमान थर यांवर जेल उपयोगी पडते. तळच्या पाण्याच्या शंकूवर जेलाचा परिणाम बहुधा टिकत नाही. निदानासाठी विहिरीतील प्रवाह व तापमान मोजतात आणि अंतःक्षेपणाच्या पाण्यात मागकारी द्रव्य (वाट शोधण्यासाठी मिसळलेला ओळखता येणारा पदार्थ) मिसळून ते कोणत्या उत्पादन विहिरीत किती दिवसांनी पोहोचते ते पाहतात. काही दिवसांतच ते पोहोचले, तर दोन विहिरींमध्ये भेग किंवा मोठी वाट असल्याचे अनुमान काढतात.

जेल कोणत्या थरात किती खोल जाईल याचे गणित महत्त्वाचे आहे. वर दिलेल्या दोन थरांच्या उदाहरणात पार्यतांचे गुणोत्तर २० आहे. पाण्याइतके पातळ मिश्रण विहिरीभोवती सर्व बाजूंस वर्तुळाकार पसरते असे मानल्यास, ते शिरण्याचे अंतर घनफळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मिश्रण अधिक पार्यतेच्या थरात १५ मी. गेले, तर कमी पार्यतेच्या थरात ते विसावा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर न जाता सुमारे ३.४ मी. जाते. तेथे घट्ट झालेले जेल विहिरीच्या तोंडाशीच तेलाचा थर बंद करू शकते. यासाठी तेलाचा थर विहिरीत यांत्रिक अडथळा बसवून तात्पुरता वेगळा ठेवतात. भेगेत प्रवाह सरळ रेषेत होत असल्याने हा धोका बराच कमी असतो. जेलाचे सर्वाधिक यशस्वी उपचार भेगाळ खडकांत झाले आहेत, त्याचे हे एक कारण होय.

दोन थरांमध्ये अपार्य खडक नसेल, तर आणखी एक अडचण उद्‌भवते. विहिरीजवळ वाट बंद केली, तरी पाणी काही अंतर दुसऱ्या थरातून जाऊन अडथळा ओलांडते व पुन्हा जुन्या वाटेस लागते. अशा साठ्यात विहिरीजवळचा उपचार निरर्थक ठरतो. अडथळा साठ्याच्या अंतर्भागातच निर्माण करावा लागतो. त्यासाठी कणांचे किंवा सूक्ष्मकणांचे मोठे घनफळ लागते.

उपचाराची परिणामकारकता अवशिष्ट रोध गुणांकाने मोजतात. उपचारापूर्वीची व नंतरची पार्यता यांचे हे गुणोत्तर असते. पुष्कळ जेलांच्या बाबतीत हा गुणांक पाण्यासाठी अधिक व तेलासाठी कमी आढळतो. म्हणजे जेल पाण्याला जितके अडविते तितके तेलाला अडवीत नाही. तेल जेलातील पाणी पिळून काढून आपल्यापुरती वाट करते, असे याचे एक स्पष्टीकरण देतात. हा गुण उपयुक्त असला, तरी त्यावर सर्वस्वी विसंबून तेलाच्या थराचे संरक्षण टाळणे युक्त नव्हे.

मर्यादा व धोके : साठ्याचे तापमान सुमारे ८०° से. च्या वर गेल्यास पॉलिॲक्रिलअमाइडातील अमाइड गटांचे जलविच्छेदन वेगाने होऊन कार्‌बॉक्सिलेट गट वाढतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असल्यास ते या गटांशी बद्ध होतात. जेल आक्रसते व आतले पाणी बाहेर टाकते. आक्रसलेल्या जेलाच्या कडेने पाण्याला पुन्हा वाट मिळते. सल्फॉनिक गट असलेली सहबहुवारिके अधिक तापमान सहन करतात, परंतु ती महाग असतात. पंप, झडपा व विहिरीच्या नळाची छिद्रे यांतून वेगाने जाताना लांब साखळ्या तुटतात व मोठे कण फुटतात. प्राणवायू व लोह यांच्या सान्निध्यातही बहुवारिकाचा ऱ्हास होतो.

घट्ट बसलेले जेल काढून टाकणे कठीण असते. विहिरीपर्यंत पोहोचलेले जेल ऑक्सिडीकारक द्रव्यांनी तोडता येते. साठ्याच्या आत गेलेल्या जेलापर्यंत ती द्रव्ये पुरेशा प्रमाणात पोहोचवता येत नाहीत. म्हणून चुकीच्या उपचाराची हानी बहुधा कायमची ठरते. पर्यावरणाच्या दृष्टीने शिल्लक ॲक्रिलअमाइडाचे प्रमाण अत्यल्प ठेवावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने कमी विषारी असला, तरी षट्‌संयुजी क्रोमियम विषारी व कर्करोगकारक आहे. बहुवारिकमिश्रित पाणी वर आल्यास त्यातून तेल वेगळे करणेही अधिक कठीण जाते.

भारतातील स्थिती : भारत आपल्या गरजेच्या चार-पंचमांशांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि देशातील प्रमुख तेलक्षेत्रे जुनी झालेली आहेत. त्यामुळे हाती असलेल्या साठ्यांतून अधिक तेल काढण्याच्या तंत्रांना येथे विशेष महत्त्व आहे. मुंबई हाय हे त्यांपैकी सर्वांत मोठे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किमी. अंतरावर अरबी समुद्रात आहे. तेथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन नौकेने तेल शोधले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. साठ्यात पाणी सोडण्यास १९८४ मध्ये प्रारंभ झाला आणि उत्पादनाने १९८९ च्या सुमारास उच्चांक गाठला. मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकाच्या अनेक थरांत असून त्यावर वायूचे आच्छादन आहे. थरांची पार्यता असमान असल्याने पाणी व वायू काही थरांतूनच पुढे धावतात. समुद्रातील फलाटांवर पाणी हाताळण्याची क्षमता मर्यादित असते. म्हणून तेथे वर येणारे प्रत्येक घन मीटर निरुपयोगी पाणी तेवढ्या द्रवाची जागा अडविते. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २००० नंतर या क्षेत्राच्या पुनर्विकासाचे टप्पे हाती घेतले व उत्पादनवाढीच्या तांत्रिक साहाय्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बीपी या कंपनीची निवड केली. भेगा व पोकळ्या असलेला चुनखडक, अधिक तापमान व समुद्राचे खारे पाणी या तिन्हींमुळे अशा साठ्यासाठी जेलाची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते.

जमिनीवरील क्षेत्रांपैकी गुजरातेतील साणंद येथे १९८५ मध्ये बहुवारिक विद्राव सोडण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला व पुढे त्याचा विस्तार करण्यात आला. राजस्थानातील बाडमेर भागात २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्रात २०१४–१५ पासून बहुवारिक विद्राव मोठ्या प्रमाणावर सोडण्यात येऊ लागला. ही बहुवारिक-पूर पद्धत व जेल-उपचार यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या पद्धतीत दाट पाणी संपूर्ण साठ्यातून तेलाला रेटीत नेते व अखेर ते विहिरीबाहेर यावे अशीच अपेक्षा असते. जेलाने मात्र आपल्या जागी बसून राहावयाचे असते. तथापि दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. मोठ्या भेगा आधी जेलाने बुजविल्या नाहीत, तर महागडा बहुवारिक विद्राव त्यांतूनच वाया जातो.

तेलाबाहेरील उपयोग : सातारा व सांगली या जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असून तेथे तेलक्षेत्रे नाहीत. परंतु खडकातील वाटा बुजविण्याचा व पाणी धरून ठेवण्याचा प्रश्न तेथेही अन्य रूपांत येतो. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१६–१७ मध्ये सुमारे ३ किमी. खोलीचे प्रायोगिक छिद्र घेण्यात आले. ते सुमारे १.२५ किमी. जाडीच्या बेसाल्टातून खालील ग्रॅनाइटसदृश खडकात जाते. अशा खोल वेधनात भेगाळ पट्टा लागल्यास वेधन-द्रव भेगांत निघून जाण्याचा धोका असतो. तो रोखण्यासाठी बेंटोनाइट ही फुगणारी मृत्तिका व बहुवारिकांचे फुगणारे कण ही उपयुक्त साधने आहेत. सर्वच भेगांवर मात्र जेल चालत नाही. डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाला पडलेल्या तड्यांत एपॉक्सी रेझीन भरण्यात आले होते. तेथे केवळ पाणी अडविणे पुरेसे नव्हते. तडा सांधून काँक्रीटाला बळकटीही द्यावयाची होती. पाण्याने फुगलेल्या मऊ जेलात अशी बळकटी नसते.

शेतीत याच वर्गातील पदार्थ मुळांजवळ ओलावा साठविण्यासाठी वापरतात. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ हा अतिशोषक पदार्थ विकसित केला आहे. माण, खटाव, जत व आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत दोन पावसांमधील खंड लांबल्यास अशा पदार्थांनी धरून ठेवलेले पाणी पिकाच्या उपयोगी पडू शकते. येथेही पाण्यातील क्षारांचा नियम लागू होतो. विहिरीचे पाणी जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त असल्यास जेलाची शोषणक्षमता बरीच घटते. म्हणून शुद्ध पाण्यात मोजलेला शोषणाचा आकडा शेतासाठी जसाच्या तसा गृहीत धरता येत नाही.

अधिक तापमान व क्षारता सहन करणारी, ठराविक काळानंतरच फुगणारी आणि गरज पडल्यास पुन्हा तोडता येणारी जेले तयार करण्याच्या दिशेने संशोधन चालू आहे. त्याबरोबरच पाण्याच्या वाटांचे निदान अधिक अचूक करण्याच्या पद्धतींचाही विकास होत आहे. पाण्याची वाट नीट ओळखली असेल, तर साध्या जेलानेही काम साधते. ती ओळखली नसेल, तर उत्तम जेलही साठ्यातील तेल कायमचे बंदिस्त करू शकते.